एक आजार, तीन फोन, एक टीव्ही

निदान सांगायला ज्या खोलीत बसवलं, तिथे टिश्यूचे दोन बॉक्स होते. एक टेबलावर, एक खिडकीत. आत शिरल्या शिरल्या मला ते दिसले आणि मी मनात म्हटलं, झालं, कळलं. नुसतं रक्त पातळ वगैरे असतं तर एका बॉक्समध्ये भागलं असतं.

डॉक्टरबाई शांतपणे बोलत होत्या. मानेतली गाठ म्हणजे लिम्फोमा, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. उपचार आहेत, चांगले आहेत, पूर्ण बरे होणारे पुष्कळ असतात. शेजारी त्यांची नर्स होती, जेनी. पुढचे सगळे महिने हीच माझी नर्स. ती म्हणाली, आता घरी जाल आणि इंटरनेटवर शोधायला लागाल, सगळेच शोधतात, पण कृपा करून नका शोधू. काही वाटलं तर मला फोन करा. मंदार, माझा नवरा, गंभीरपणे मान डोलावत होता आणि टेबलाखाली त्याचा अंगठा फोनवर चालू होता.

मला काही वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा अनुभवांमध्ये बायका त्या क्षणी कोसळतात, पायाखालची जमीन सरकते वगैरे. माझी जमीन होती तिथेच होती. बाहेर आल्यावर पार्किंगचं मशीन कार्ड घेईना, त्याचा मात्र मला भयंकर राग आला. त्या दिवसातलं नीट आठवतंय ते एवढंच.

संध्याकाळी डोंबिवलीला आईला सांगितलं. ती म्हणाली, "लिम्फोमा ना? म्हणजे कॅन्सर नाही ना?" मी म्हटलं, त्यातलाच एक प्रकार आहे गं. पलीकडे तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

*

माझं काम काय ते इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथे इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला एका कंपनीत मी सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या टीममध्ये आहे. भिंतीवर मोठा स्क्रीन, त्यावर हिरवे, पिवळे, लाल दिवे. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे लाल दिवा दिसला की धावणं. खरं काम उलटं आहे. फालतू कारणांसाठी पेटणारे लाल दिवे शोधून बंद करायचे. कारण दिवसभर सगळंच लाल दिसायला लागलं की माणूस बघायचा थांबतो. यंत्राला रोज "लांडगा आला रे आला" ओरडू दिलं, की खऱ्या लांडग्याच्या दिवशी टीममधला कोणीतरी सँडविच खात बसलेला असतो. नवीन येणाऱ्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी शिकवते.

आणि घरी मी काय केलं? सगळे दिवे लावून बसले.

ऑफिसच्या टॉयलेटमध्ये बसून मी एकदाच आजाराचं नाव शोधलं. एकदाच, शपथ. त्यानंतर फोनने मला सोडलं नाही. टक्कल पडलेल्या बायका, मांडीवर बाळ, मागे पियानो. "हा कदाचित माझा शेवटचा व्हिडिओ असेल." मग दोन दिवसांनी त्याच बाईच्या नवऱ्याचा व्हिडिओ, की हो, तो शेवटचाच होता. एकीचा बघितला की फोन दुसरी आणून देई. मला त्यांची नावं पाठ झाली, त्यांची कुत्री ओळखीची झाली. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एकीचं मरण बघून व्हायचं.

एक साधी गोष्ट तेव्हा डोक्यात आली नाही. ज्या बऱ्या झाल्या आणि सोमवारी कामावर गेल्या, त्या व्हिडिओ करत नाहीत. त्या सुपरमार्केटमध्ये ब्रेडच्या रांगेत आपल्यापुढे उभ्या असतात आणि आपल्याला पत्ताही नसतो.

*

मंदारच्या फोनमध्ये कोणीच मरत नव्हतं. तिथे सगळे बरे होत होते. कोणी गव्हांकुराच्या रसाने, कोणी हळदीने, कोणी नुसता उपास करून. डॉक्टर जे सांगत नाहीत ते सांगणारे गृहस्थ, बहुतेकांना दाढी, पाठीमागे डोंगर. त्यांचं सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, साखर हे कॅन्सरचं खाद्य.

घरातली साखर गेली. मग गूळ गेला. मग दूध, मैदा, प्लास्टिकचे डबे. मायक्रोवेव्ह गॅरेजमध्ये गेला, तिथे तो लॉनमोवरशेजारी बसून राहिला. हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला सांगितलं होतं की केमो चालू असताना जे जाईल ते खा, वजन उतरू देऊ नका. मंदारने तिथेही मान डोलावली. गाडीत बसल्यावर म्हणाला, त्यांना असंच सांगावं लागतं.

मी चहाला शुभदाकडे जायचे. शुभदा माझी मैत्रीण, दोन गल्ल्या सोडून राहते. ती आजाराबद्दल एक अक्षर विचारायची नाही. चहात साखर घालायची, दोन चमचे, ढवळून समोर ठेवायची आणि कौन्सिलने कचऱ्याचे बिन न्यायचे दिवस कसे बदलले याबद्दल तावातावाने बोलायची. त्या महिन्यांत माझ्यावर कोणी उपकार केले असतील तर ते तिने. घरी वरणभाताचा डबा आणायची तोही गपचूप, मंदारला कळू न देता, म्हणजे त्यात काय काय आहे याची चौकशी नको.

एकदा मी मंदारशी भांडले. भांडले म्हणजे आवाज चढवला, आत फारसं काही हललं नाही. मी म्हटलं, "तुला माझ्या आजाराची भीती वाटते की साखरेची, ते एकदा ठरव."

तो सिंकपाशी उभा होता. पाठ माझ्याकडे. म्हणाला, "साखरेचं काहीतरी करता येतं, वैशाली."

मला त्याची दया यायला हवी होती. ती यायला हवी हे कळत होतं, पण ती आली नाही. मी वर जाऊन पडले.

*

आईची तऱ्हा तिसरी. तिला कॅन्सरपेक्षा इंग्लंडची भीती वाटायला लागली होती. तिच्या चॅनलवर दिवसभर तेच दाखवायचे. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर पडलेली म्हातारी माणसं, बाहेर अँब्युलन्सची रांग, नाहीतर रस्त्यात ओरडणारा जमाव. तीच दोन मिनिटांची चित्रं फिरवून फिरवून. रोज फोनवर एकच पालुपद, वैशू, इकडे ये, तिथे डॉक्टर मिळत नाहीत म्हणे. मी सांगायचे, अगं मला मिळालाय, नर्ससुद्धा मिळाली आहे, ती मला नावाने ओळखते. ती म्हणायची, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस.

केमोच्या आदल्या दिवशी तिने व्हिडिओ कॉलवर माझी दृष्ट काढली. मुठीत मीठमोहरी घेऊन फोनच्या स्क्रीनभोवती ओवाळली, पुटपुटली, आणि उठून गॅसपाशी गेली. फोन सोफ्यावर पडला, मला नुसता डोंबिवलीचा पंखा दिसत होता आणि मोहरी तडतडल्याचा आवाज. अति झालं आणि हसू आलं, म्हणतात ना, तसं झालं. मी हसले. मंदारही हसला. किती दिवसांनी आम्ही एकाच गोष्टीकडे बघत होतो.

*

माझी मुलगी साई तेव्हा ए लेव्हल्सच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या वर्षाला होती. जन्म रेडिंगचा, मराठी घरातलं, लिंग-वचन देवाच्या हवाली. तिने काही म्हणजे काही दाखवलं नाही. अभ्यास, मैत्रिणी, डिशवॉशर लावणं. फक्त एक नवीन खूळ होतं. मी तिला मेसेज केला की ती म्हणायची, "आई, टाइप नको ना करू. व्हॉइस नोट पाठव." दूध संपलंय, व्हॉइस नोट. बस चुकली का, व्हॉइस नोट. मला वाटलं, आळस. तिला मराठी वाचायचा कंटाळा.

मग एका दुपारी तिने मला कुठल्याशा ड्रेसचा फोटो दाखवायला स्वतःचा फोन हातात दिला आणि दार वाजलं म्हणून ती खाली गेली. माझा अंगठा सवयीने वर सरकला. तिच्या फोनमध्ये मरणारी माणसंही नव्हती आणि बरी होणारीही नव्हती. तिथे मुली होत्या, तिच्याच वयाच्या. आई गेल्यानंतरचा पहिला ख्रिसमस. आईचा वास असलेला स्वेटर. आणि एक मुलगी सांगत होती, तुमची आई आजारी असेल तर आत्ताच तिचा आवाज साठवून ठेवा, फोटो सगळेच ठेवतात, आवाज विसरायला होतो.

मी फोन पलंगावर उलटा ठेवला. साई वर आली, मी म्हटलं, ड्रेस छान आहे, निळ्या रंगात बघ. दूध संपलंय, बस चुकली का. हे ती जपून ठेवत होती. माझ्या फोनला मी मरणार हे माहीत होतं, ते मला माहीत होतं. तिच्या फोनने मला आधीच वर पोचवलं होतं.

यावर मी काय केलं? काही नाही. व्हॉइस नोट पाठवत राहिले. जरा स्पष्ट बोलायला लागले, एवढाच फरक.

*

गरम चहाने जीभ भाजली की दिवसभर कशाचीच चव लागत नाही. माझं तसं झालं होतं. सुरुवातीला व्हिडिओ बघून छातीत धडधडायचं. मग ते थांबलं. मग ब्लड टेस्टचा निकाल आणि दाराबाहेरचं पार्सल, दोन्हीला मी सारख्याच तोंडाने "अच्छा" म्हणायला लागले. लोकांना वाटायचं, किती धीराची आहे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक बाई मला म्हणाल्या, तुमच्याकडून शिकावं. मी म्हटलं, थँक्यू. धीर कसला, फ्यूज उडालेला.

केमोचा दिवस त्या मानाने बरा असायचा. हॉस्पिटलच्या डे युनिटमध्ये, म्हणजे दिवसापुरतं येणाऱ्यांच्या वॉर्डात, मागे रेलणाऱ्या खुर्च्या, प्रत्येकाला एक उशी. नाव काय, जन्मतारीख काय, हे औषधाची प्रत्येक पिशवी लावताना पुन्हा विचारायचे. मला आवडायचं ते. एका तरी प्रश्नाचं उत्तर मला नक्की येत होतं. चहाची ट्रॉली यायची, बिस्किटं, अंड्याचं सँडविच. चहात साखर हवी का विचारायचे आणि मंदार खिडकीबाहेर बघायचा. जेनी शीर शोधताना माझ्या हातावर हळूच टिचक्या मारायची आणि आपल्या मांजरीबद्दल बोलायची. शेजारच्या खुर्चीतले आजोबा दर वेळी झोपायचे आणि दर वेळी म्हणायचे की मी झोपलो नव्हतो. तिथे कोणाच्या मागे पियानो वाजत नव्हता. तिथली सगळी माणसं कंटाळलेली होती. मला वाटतं, मी आजाराचा खरा चेहरा बघितला तो तिथेच, आणि तो बराचसा कंटाळवाणा होता.

ज्यांच्यासाठी हे लिहितेय त्यांना एवढंच सांगते. माझे उपचार संपले, शेवटचा स्कॅन स्वच्छ आला, मी पुन्हा कामावर जाते. फोन फेकून द्या असं मी सांगणार नाही, माझा खिशातच आहे. पण तुमच्या घरात कोण कोणत्या गोष्टीला घाबरतंय ते एकदा विचारा. आम्ही चौघं एकाच आजाराला घाबरतोय असं मी धरून चालले होते. साफ चूक. चौघांचे आजार चार होते, आणि जो खरोखर माझ्या अंगात होता त्याच्याकडे लक्ष द्यायला जवळपास कोणीच मोकळं नव्हतं. मीसुद्धा नाही.

हे मला कळलं ते एका शनिवारी.

*

तिसऱ्या केमोनंतरची गोष्ट. मंदार भाजी आणायला स्लाऊला गेला होता. साई किचनच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसली होती. मी सोफ्यावर होते आणि मला थंडी वाजायला लागली. आधी पाय, मग दात.

केमो सुरू होताना जेनीने मला एक लाल कार्ड दिलं होतं. त्यावर एक आकडा आणि एक फोन नंबर. तिने ते तीनदा समजावलं होतं. केमोने अंगातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा साधा ताप हा साधा ताप नसतो. या आकड्याच्या वर गेला तर थांबायचं नाही, गोळी घ्यायची नाही, सरळ फोन करायचा, कुठलाही वार, कुठलीही वेळ. मला सगळं माहीत होतं. परीक्षा घेतली असती तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

ताप मोजला. आकड्याच्या वर होता. मी थर्मामीटर ड्रॉवरमध्ये ठेवला, पांघरूण ओढलं आणि फोन घेतला.

फॅमिली ग्रुपवर मंदारच्या नाशिकच्या काकांचा मेसेज होता. केमोनंतर ताप येणं हे शुभ लक्षण, शरीर लढत असतं, त्याला लढू द्या, गुळवेलीचा काढा द्या. खाली बारा जणांचे हात जोडलेले. मी त्यावर विश्वास ठेवला असं नाही. ठेवला असता तर निदान ती चूक तरी झाली असती. मी तो वाचला, त्याच्याखाली कुणाच्या तरी मुंजीचे फोटो बघितले, आणि मग एका बाईचा व्हिडिओ लावला. लाल कार्ड, काढा, मुंज, मरण, सगळ्यांचा आवाज एकाच पट्टीत. बघू, मंदार आला की, असं म्हणून मी डोळे मिटले.

साई चहा घेऊन आली. कप देताना तिचा हात माझ्या हाताला लागला. तिने कप खाली ठेवला, ड्रॉवर उघडला, थर्मामीटर माझ्या कानात घातला आणि आकडा बघितला.

"आई, तुझी ताप खूप वाढली. कार्ड कुठे आहे? रिंग देम."

मी म्हटलं, बाबा येऊ दे, अर्ध्या तासात येईल. जरा पडते, उतरेल. काळजी करू नकोस.

"नाही," ती म्हणाली. "तू काळजी कर."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही.

"आई, प्लीज. काळजी कर ना. काळजी कर!"

तिला म्हणायचं होतं, काळजी घे. लहानपणापासून तिचा हा घोळ आहे. आजीचा फोन ठेवताना म्हणायची, बाय आजी, काळजी कर, आणि पलीकडे आजी खो खो हसायची, करतेच आहे गं बाळा. घरात कोणी ते कधी दुरुस्त केलं नाही, गोड वाटायचं म्हणून. त्या शनिवारी ती माझ्या समोर गुडघ्यांवर बसून मला तेच सांगत होती, आणि जगातल्या सगळ्या शहाण्या मराठीत मला त्याहून योग्य वाक्य कोणी सांगू शकलं नसतं. सगळे मला महिनोन्महिने सांगत होते, काळजी करू नकोस. आणि मी इमाने इतबारे करत नव्हते.

मी फोन केला.

पलीकडच्या नर्सने आकडा विचारला, शेवटची केमो कधी ते विचारलं, आणि म्हणाली आत्ता निघा, आणायला कोणी नसेल तर अँब्युलन्स पाठवते. साईने तोवर शुभदाला फोन लावला होता. शुभदा स्वयंपाकाच्या एप्रनमध्येच आली. रस्ताभर कोणी बोललं नाही. बिनांबद्दलसुद्धा नाही.

हॉस्पिटलमध्ये कोणी थांबवलं नाही. कार्ड दाखवलं, सरळ आत, एकटीला खोली, रक्त घेतलं आणि लगेच अँटिबायोटिकची पिशवी लावली. शुभदा मंदारला फोन करायला बाहेर गेली. एक तरुण डॉक्टर आला, तपासून म्हणाला, लगेच फोन केलात हे बरं झालं, हे प्रकरण बऱ्यापैकी पटकन बिघडू शकतं. इथला डॉक्टर "बऱ्यापैकी" म्हणतो तेव्हा भयंकर समजायचं, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

तो गेला. दार बंद झालं. आणि मग ती आली.

भीती. व्हिडिओतल्या कुठल्या बाईची नव्हे, माझी स्वतःची. मी थर्मामीटर ड्रॉवरमध्ये ठेवला होता. मी डोळे मिटून पडणार होते. सोफ्यावर, किचनमध्ये माझी मुलगी अभ्यास करत असताना, हातात फोन धरून. मी गुडघे पोटाशी घेतले. साईला वाटलं पुन्हा थंडी, तिने ब्लँकेट वर ओढलं.

"थंडी नाही गं," मी म्हटलं. "मला भीती वाटतेय. खूप."

ब्लँकेटचं टोक तिच्या हातातच होतं. टेस्ट, निदान, केस गेले, एवढ्या सगळ्यात हे वाक्य तिने माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिचा चेहरा लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला, रडू येण्याआधीचा.

"मला वाटलं तू ओके आहेस," ती म्हणाली.

"कशाला ओके?"

"जायला."

मी हात पुढे केला. सलाइनची नळी ताणली, ती तिने सोडवली आणि माझ्या कुशीत डोकं घातलं, बुटांसकट पलंगावर चढून.

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही गं, साई. अजिबात नाही."